चौदा वेळा सरकवलेला शनिवार

डेमियन वासिंगर भला माणूस आहे, असं कॅन्ससमधल्या आमच्या ओबरडॉर्फमध्ये सगळे म्हणायचे. आमच्याकडं भला कुणाला म्हणतात ते सांगतो. ज्याच्याकडं पेरणीयंत्र मागायला गेलं की तो स्वतः ओढून आणून देतो, वर डिझेल भरून देतो आणि परत न्यायलाही स्वतःच येतो, तो भला. असली माणसं गावाला फार सोयीची असतात. त्यांच्या अंगणातनं सगळे आडवाट पाडतात आणि त्यांच्याच गवताला नावं ठेवतात.

डेमियनचा बाप गहू आणि ज्वारी करायचा. पोराचं लक्ष ढेकळात कमी आणि आभाळात जास्त. राज्याच्या राखीव हवाई दलानं, ज्याला इथं नुसतं गार्ड म्हणतात, त्याला उडायला शिकवलं. लढाऊ विमान नव्हे, टँकर. उडता उडता दुसऱ्या विमानांच्या पोटात तेल ओतणारं साठ वर्षांचं थकलेलं धूड. त्याच धुडाच्या इंजिनाखाली पाठीवर पडून मी तेवीस वर्षं काढली, म्हणून डेमियन मला आतनं-बाहेरनं ठाऊक.

गार्डवर घर चालत नाही. त्यामुळं बाकीचे दिवस तो प्लेन्सवे एअर या कंपनीची प्रवासी विमानं कॅन्सस सिटीहून उडवायचा. आमच्या तळावरचे निम्मे वैमानिक असेच. एरवी कंपनीचा टाय, महिन्यातनं एक शनिवार-रविवार गार्डचा गणवेश, आणि वर्षातनं पंधरा दिवस सराव. भरती करणारा साहेब एवढंच सांगतो. प्रत्यक्षात महिन्याला आठ-नऊ दिवस जातात, ते सांगत नाही. सांगितलं तर कोण कशाला येईल.

कंपनीत डेमियन अकरा वर्षं उजव्या खुर्चीत होता. उजवी खुर्ची सहवैमानिकाची, डावी कॅप्टनची. डावीकडं सरकायचं तर तिथं हुशारी चालत नाही, ओळख चालत नाही. ज्येष्ठतेची एक यादी असते. वरचे निवृत्त होतात, आजारी पडतात, तसतसा खालच्याचा नंबर वर येतो. नंबर लागला की सहा आठवड्यांच्या वर्गाला बोलावतात. तो पार पडला की खांद्यावर चौथी पट्टी आणि डावी खुर्ची. डेमियनला आयुष्यात दुसरं काही नको होतं. नवं घर नको, नवी गाडी नको. विमानात चढताना डावीकडं वळायचं, एवढंच.

आता गार्डची रीत अशी. ऑक्टोबरात पुढच्या अख्ख्या वर्षाचा कागद हातात पडतो. कुठले शनिवार-रविवार हजेरीचे, कुठल्या पंधरवड्यात सराव, सगळं छापलेलं. तळावरच्या प्रत्येक माणसाच्या घरी तो कागद फ्रिजवर चुंबकानं लटकलेला असतो. कंपनीची रीत वेगळी. तिथं दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत प्रत्येकानं पुढच्या महिन्याला कुठली उड्डाणं हवीत ते कळवायचं. मग ज्येष्ठतेप्रमाणं वाटप. हजेरीचे दिवस आधी कळवले की ते कंपनीनं सोडायचे. पगार देऊ नये हवं तर, पण सोडायचे. हे उपकार नव्हेत, देशाचा कायदा आहे.

प्लेन्सवेला कायदा पाठ होता. त्याहून जास्त त्यांना झेंडा पाठ होता. विमानाच्या शेपटीवर झेंडा, कॉफीच्या कपावर झेंडा, आणि दर उड्डाणाआधी माईकवर लाडिक आवाजात, "आमच्या शूर सैनिकांनी कृपया प्रथम आत यावे." शूर सैनिक आत येऊन तिकिटातल्या सगळ्यात मागच्या, संडासाशेजारच्या रांगेत बसायचा. त्याच्यानंतर आलेले पुढं पाय पसरून बसायचे. मान म्हणजे काय, तर दहा मिनिटं आधी बसायला मिळतं.

सगळेच वर्दीवाले गरीब होते असंही नाही. कॉर्बिन याउंट म्हणून एक बेणं होतं. त्याला दर नाताळात तातडीचं लष्करी काम निघायचं आणि जानेवारीत ते काम करून, बर्फावरच्या घसरगुंड्यांनी रापलेलं तोंड घेऊन तो परत यायचा. गोगलच्या जागी दोन पांढरे गोल. त्याला कंपनीनं कधी फोन केला नाही. धडधडीत खोटं बोलणाऱ्याला फोन करायला लोक बिचकतात. तो उलट दोन शिव्या घालील, वकिलाचं नाव घेईल. फोन जायचा तो डेमियनला.

पहिला फोन आला तेव्हा मी त्याच्या ओसरीवरच बसलो होतो. रोशेलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बीरॉक भाजून आणले होते. कोबी-खिमा भरलेले गरम पाव ते, हातात धरवत नाहीत आणि सोडवतही नाहीत. फोनवर कंपनीची वेळापत्रकवाली बाई.

"डेमियन, शनिवारी अल्बुकर्कीला माणूसच नाहीये हो. तुमचं ते गार्डचं जरा पुढंमागं होत असेल तर बघता का? फक्त या वेळेपुरतं."

"बघतो," डेमियन म्हणाला.

रोशेल म्हणाली, "काय बघतोस? फ्रिजवर कागद लावलाय त्यो काय नक्षी म्हणून?"

"अगं, अडलीय बिचारी."

"तिची कंपनी अडलीय. ती न्हाई."

डेमियननं कर्नलना फोन लावला. कर्नल रेनी शॉडल, आमच्या तुकडीच्या प्रमुख. या बाईचं घर डुकरं पाळणाऱ्यांचं, आणि बोलणंही तसंच, थेट गव्हाणीवर. पण मन मोठं. म्हणाल्या, "बरं, शनिवारची हजेरी बुधवारी भर. पण सवय लावू नगंस."

बुधवारी तळावर असतं कोण? एक कारकून आणि तीन चिमण्या. विमान नाही, साथीदार नाहीत. मेजर डेमियन वासिंगर, हजारो तास उडालेला माणूस, दिवसभर आग विझवायच्या नळकांड्यांना लटकवलेली कार्डं तपासत फिरला. एकशे बारा नळकांडी. माझ्या रोजच्या कामावरून सुटून मी तळावर आलो तेव्हा तो शेवटच्या नळकांड्यापुढं उकिडवा बसलेला.

"झालं का देशाचं रक्षण?" मी विचारलं.

"दोनाची मुदत सरलीय," तो गंभीरपणे म्हणाला.

अशानं सवय लागली. त्याला नव्हे, कंपनीला. दुसरा फोन ईस्टरला, तिसरा गव्हाच्या कापणीत. कधी फिनिक्स अडलं, कधी डेन्व्हर अडलं. दरवेळी 'फक्त या वेळेपुरतं', दरवेळी 'बघतो'. सहा वर्षांत चौदा वेळा त्यानं हजेरी सरकवली. त्यातली निम्मी त्यानं स्वतःच्या हक्काच्या सुट्टीत भरली. चर्चचा वार्षिक बाजार बुडाला, बायकोबरोबर मिझूरीला तळ्यावर जायचं ठरलेलं बुडालं, कापणी शेजाऱ्यांनी केली. आणि हे सगळं करताना गड्याच्या तोंडावर समाधान, की आपण दोन्हीकडं सांभाळतोय. मला त्याचा रागच यायचा. एकदा चाकाच्या खोबणीत डोकं घालून मी त्याला म्हणालोही.

"डेमियन, तू एवढं करतोस, त्ये कुणी लिहून ठेवतंय का?"

"लिहायचं काय त्यात? माणुसकी असती."

लिहून ठेवत होते. ते नंतर कळलं.

मार्चमध्ये नंबर लागला. अकरा वर्षांनी. आठ जुलैला वर्ग सुरू, पत्र घरी आलं. त्या दिवशी त्यानं काय करावं? पत्र घेऊन तो फ्रिजपुढं उभा राहिला. कागदावर छापलेलं होतं, पाच ते एकोणीस जुलै, प्रशांत महासागरावर सराव. आमची चार टँकर ग्वाम बेटावर जाणार होती, आणि त्यातल्या एकावर मुख्य वैमानिक तो.

यात रडण्यासारखं काही नव्हतं. एकोणतीस जुलैला कंपनीचा दुसरा वर्ग होताच. कायद्यानं त्याचा नंबर राखून त्याला त्या वर्गात घालायचं, की मिटलं. एका बाईनं एका यंत्रात एका ओळीतनं दुसऱ्या ओळीत नाव ओढायचं, एवढं काम. डेमियननं त्याच दिवशी चार ओळींचं पत्र लिहून कंपनीला कळवलं. चार महिने आधी. लोक लग्नाची आमंत्रणंसुद्धा इतकी आधी देत नाहीत.

उत्तर आलं ट्रेव्हर पेनिंग्टनकडनं. हा कंपनीचा लष्करी संबंध व्यवस्थापक. लष्कराशी याचा संबंध एवढाच की याच्या खोलीत लढाऊ विमानाचा प्लास्टिकचा नमुना होता. गोरागोमटा, दात एका रेषेत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपल्या अंगाला लोणी लागल्यासारखं वाटावं. त्यानं लिहिलं होतं, की आपल्या सेवेचा कंपनीला अत्यंत अभिमान आहे, आणि सराव पुढं ढकलून घ्यावा.

डेमियन सवयीनं कर्नलकडं गेला.

"सरकवू?" शॉडलबाई म्हणाल्या. "मेजर, चार विमानं निघाल्यात, दीडशे माणसं निघाल्यात, अर्ध्या जगाच्या पल्याड. ही काय दात काढायची वेळ हाय का, की गुरुवारी न्हाई तर शुक्रवारी?"

"व्हय मॅडम. मी नुसतं विचारलं."

"तू नुसतं विचारतोस म्हणूनच त्यांना वाटतं हे सगळं सरकतं. तुझ्या त्या गोड साहेबाला सांग, महासागर सरकवून आण, मग बघू."

मे महिना उजाडला. आणि मग एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या, त्या ओळीनंच सांगायला हव्यात. सोमवारी पेनिंग्टननं डेमियनला फोटो काढायला बोलावलं. कंपनीला विमानतळावर लावायला मोठं चित्र हवं होतं, 'आमचे वैमानिक, देशाचे रक्षक' असलं काहीतरी. डेमियन गणवेश इस्त्री करून गेला. तर पेनिंग्टननं टेबलावर एक शिरस्त्राण काढून ठेवलं, काळ्या काचेचं, लढाऊ वैमानिकाचं.

"हे घाला, डेमियन. फार उठून दिसेल."

"टँकरवर आम्ही हे घालत नाही साहेब. आम्ही कानाला हेडसेट लावतो. तेल वाटायचं काम आमचं."

"लोकांना कुठं कळतंय. हे आम्ही खास नाटकवाल्यांकडून भाड्यानं आणलंय."

भल्या माणसानं ते घातलं. डोक्याला लहान पडत होतं. कपाळावर लाल वळ उठला आणि त्या वळासकट तो संध्याकाळी घरी आला. रोशेलनं बघितलं आणि ओलं फडकं त्याच्यापुढं टाकलं.

मंगळवारी सकाळी त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, त्याच पेनिंग्टनसमोर, सराव का सरकवत नाही म्हणून, डेमियनची चौकशी होती. कपाळावर वळ होताच अजून.

चौकशीत काय झालं ते मला जोआन रोथकडनं कळलं. ती वैमानिकांच्या युनियनची, डेमियनच्या शेजारी बसलेली, आणि माझ्या बायकोची मावसबहीण. चाळीस वर्षं सिगरेट ओढलेली बाई, आवाज खडी टाकल्यासारखा.

पेनिंग्टननं अदबीनं कॉफी दिली. झेंडेवाल्या कपातनं. मग एक कागद पुढं सरकवला. त्यावर तक्ता. सहा वर्षांतल्या चौदा तारखा. प्रत्येकीपुढं कंपनीतनं फोन कुणी केला, हजेरी कुठल्या तारखेला हलवली, आणि शेवटच्या रकान्यात 'कंपनीला झालेला त्रास'. त्या रकान्यात प्रत्येक तारखेला गुण दिलेले. कमी त्रास, मध्यम त्रास, जास्त त्रास.

"डेमियन, आपण सगळे प्रामाणिक माणसं आहोत," पेनिंग्टन म्हणाला. "हे पाहा. चौदा वेळा तुम्ही हजेरी सरकवलीत. याचा अर्थ ती सरकते. जी गोष्ट सरकते ती सक्तीची नसते. मग पंधराव्या वेळी तुम्ही म्हणता सरकत नाही. तेव्हा हा तुमचा निर्णय झाला. बरोबर ना?"

डेमियन कागदाकडं बघत राहिला. जोआन सांगते, त्याचे ओठ हलत होते. तो तारखा वाचत होता. तळ्यावर जायचं होतं ती तारीख. कापणीची तारीख. आपण केलेली सगळी माणुसकी कुणीतरी इतकी नीट, टंकून, रकाने पाडून ठेवलीय, हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

"साहेब, तुमची माणसं अडली होती म्हणून मी सरकवली," तो म्हणाला.

"आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता इथं सही करा. आपण जुलैच्या वर्गातली जागा स्वेच्छेने सोडत आहात, एवढंच आहे. पुढं कधी जागा निघाली की तुमचा विचार होईलच."

"एकोणतीस जुलैच्या वर्गाचं काय?" जोआननं विचारलं.

"तो भरलाय. तशी सोय करता येत नाही."

"काल सकाळी त्यात पाच जागा रिकाम्या व्हत्या. मी बघून आलेय."

"आकडे बदलत असतात, जोआन."

आणि इथं भल्या माणसानं खिशातनं पेन काढलं. जोआन अजून हे सांगताना कपाळाला हात लावते. समोरच्यानं कॉफी दिलीय, नीट बोलतोय, त्याचा खोळंबा होतोय, तर सही करून टाकावी, असं त्याच्या रक्तातच. अकरा वर्षांचा नंबर त्या सहीबरोबर जाणार होता, 'पुढं कधी' म्हणजे कधीच नाही हे विमानतळावरच्या झाडूवाल्यालाही कळलं असतं. जोआननं टेबलाखालनं त्याच्या नडगीवर टाचेची लाथ घातली. डेमियन थांबला. थांबला म्हणून त्यानं कागद पुन्हा वाचला.

"ह्यात 'स्वेच्छेने' लिहिलंय," तो म्हणाला.

"ती एक पद्धत आहे."

"मी माझ्या इच्छेनं कुठंच जात नाही साहेब. माझी इच्छा तुमच्या वर्गात बसायची आहे. जातोय तो हुकमानं."

"म्हणजे तुम्ही सहकार्य करणार नाही?"

डेमियननं पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं. "चौदा वेळा केलंय. तुम्हीच मोजलंय."

पेनिंग्टनचे दात पहिल्यांदा झाकले गेले, असं जोआन म्हणते.

सही झाली नाही, पण कंपनीनं करायचं ते केलंच. डेमियनच्या नावापुढं 'नाकारले' असं लिहिलं आणि जागा यादीतल्या त्याच्यापेक्षा चाळीस नंबर खालच्या पोराला दिली. कायदा आहे, तो कागदावर आहे, आणि कागद वाचायला वेळ लागतो, या हिशेबानं कंपन्या चालतात.

जुलैत आम्ही ग्वामला गेलो. दमट हवा अशी की सुकत घातलेला मोजा सकाळी जास्त ओला. डेमियननं पंधरा दिवस विमान नीट उडवलं, चुकला नाही, फार बोललाही नाही. दहाव्या दिवशी त्याच्या फोनवर त्या चाळीस नंबर खालच्या पोराचा निरोप आला. गॅव्हिन लॉक त्याचं नाव. पोरगं वाईट नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, "सर, तुम्ही नको म्हणालात म्हणून मला संधी मिळाली. आयुष्यभर विसरणार नाही."

डेमियननं तो निरोप मला दाखवला. आम्ही पंखाच्या सावलीत बसलो होतो.

"मी नको म्हणालो?" तो म्हणाला.

"कंपनीनं तसंच सांगितलं असणार."

"मी कधी कुणाला नको म्हणालोय?"

"न्हाई. त्येच तर रडगाणं हाय."

जागा गेली त्याचं दुःख त्यानं गिळलं होतं. पण आपल्या नावावर आपण न केलेला नकार लिहिला, हे त्याच्या घशाखाली उतरेना. दुपारी तंबूत बसून त्यानं सरकारच्या कामगार खात्याकडं तक्रार लिहिली. लिहिताना मला विचारलं, "यात कुणाचं नाव घालायला नको ना? पेनिंग्टनला बायकापोरं असतील."

मी म्हणालो, "घाल. बायकापोरांनाबी कळू दे."

नोव्हेंबरात खात्याची तपासनीस आली. ओडेसा प्रूइट. एवढीशी म्हातारी, स्वेटरची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली, तोंडात खोकल्याची गोळी. पेनिंग्टनला ती पाहून बरं वाटलं असणार. त्यानं तिलाही झेंडेवाल्या कपातनं कॉफी दिली, प्लास्टिकचं विमान दाखवलं, आणि स्वतः होऊन, कुणी मागितला नसताना, तो तक्ता काढून तिच्या हातात दिला. त्याला वाटलं, याहून मोठा पुरावा नाही. जोआन तिथंच बसलेली.

"हा कुणी केला?" प्रूइटबाईंनी विचारलं.

"मीच," पेनिंग्टन अभिमानानं म्हणाला. "सहा वर्षांच्या नोंदी आहेत."

"कशासाठी केला?"

"या वैमानिकावर विसंबता येत नाही हे दिसावं म्हणून."

"आणि हा त्रासाचा रकाना?"

"लष्करी कामामुळं कंपनीला किती त्रास झाला, त्याचे गुण आहेत ते."

"हे गुण बघून जागा दुसऱ्याला दिली?"

"अर्थात. आम्ही सगळं मोजूनमापून करतो."

प्रूइटबाईंनी गोळी एका गालातनं दुसऱ्या गालात घेतली. "मिस्टर पेनिंग्टन, लष्करी कामाचे दिवस कुणाच्या विरुद्ध मोजू नयेत, एवढंच तर या कायद्यात आहे. बाकी त्यात फारसं काही नाही. मला हे शोधायला एरवी वर्ष-दीड वर्ष लागतं. तुम्ही रकाने पाडून दिलंत. प्रत्येक पानावर सही करा आणि तारीख घाला."

"सही कशाला?"

"एक पद्धत आहे," म्हातारी म्हणाली.

जोआन तिथं हसली नाही. गाडीत येऊन बसली आणि मग खोकला लागेपर्यंत हसली.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. आपली काही चूक झाल्याचं मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी, डेमियन वासिंगर यांना जानेवारीच्या वर्गात घेण्यात येत आहे आणि त्यांची ज्येष्ठता जुलैपासून धरण्यात येत आहे. सद्भावना ही वस्तू कंपन्यांकडं बरी निघते, सरकारी सहीचा कागद दाखवला की. पेनिंग्टनचं काय झालं म्हणाल, तर त्याला बढती मिळाली. तो आता 'कृतज्ञता विभागा'चा प्रमुख आहे. असा विभाग खरंच आहे. त्यात सहा माणसं आहेत.

डेमियननं वर्ग पार केला. मार्चमध्ये डाव्या खुर्चीत बसला. पहिल्या उड्डाणाला रोशेल प्रवासी म्हणून गेली, विचिटाला जाऊन आली, तिथं तिला काही काम नव्हतं. मी विचारलं, "कसा काय उडवतो?" तर म्हणाली, "तसाच. फक्त दुसऱ्या खिडकीतनं बघतो."

एप्रिलात फोन आला. वेळापत्रकवाली तीच बाई.

"कॅप्टन वासिंगर, अभिनंदन हं. ऐका ना, शनिवारी सॉल्ट लेकला माणूस नाहीये. तुमचं ते गार्डचं जरा..."

डेमियननं फ्रिजकडं बघितलं नाही. त्याला तारीख पाठ होती.

"ऑक्टोबरात कागद दिलाय तुम्हाला," तो म्हणाला. "त्यात शनिवार आहे. तो शनिवारीच येणार."

"बघता तरी का?"

"नाही. बघत नाही."

बाई दुखावली. पुढं कॅन्सस सिटीच्या वैमानिकांच्या खोलीत बोलणं पसरलं की वासिंगर डावीकडं बसला आणि ताठला, चौथी पट्टी डोक्यात गेली. ज्यांचे चौदा शनिवार त्यानं वाचवले होते तेच हे बोलत होते, आणि कॉर्बिन याउंट त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं.

पण तेवढ्यावर भागलं नाही. चार दिवसांनी कर्नल शॉडलांचा फोन. बाई खुशीत होत्या.

"मेजर, आता तुला हात लावायची कुणाची टाप न्हाई. तेव्हा मे महिन्यात मला पाच दिवस जादा दे. विमानांचा मेळावा हाय, गव्हर्नर येणारेत, त्यांना टँकरमध्ये बसवून फोटो काढायचेत. चालवणारा दिसायला बरा हवा."

"मे महिन्यात हे कागदावर नाही मॅडम."

"कागदावर न्हाईच. म्हणून तर विचारतेय."

"कागदावर आहे तेवढं मी येईन. विमान ग्वामला न्या, त्याच्या पल्याड न्या, येईन. गव्हर्नरच्या फोटोला माझी कंपनीतली माणसं ताटकळत ठेवणार न्हाई."

मग बाई म्हणाल्या, "मी तुझ्यापायी चौदा वेळा सरकवलं, मेजर."

"तुम्हीबी मोजलंत व्हय," डेमियन म्हणाला.

बाईंनी फोन आपटला. पुढचे दोन महिने तळावर त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि त्यांचं कामापुरतं बोलणं म्हणजे काय ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

तो फोन चालू होता तेव्हा रोशेल स्वयंपाकघरात पिठात हात घालून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "आता दोन्हीकडनं शिव्या खातोयस."

"आधी कुठं ओवाळत होते?"

"तेबी खरंच." तिनं कोबीचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं. "बस, हे बारीक चीर."

तो चिरायला बसला. थोड्या वेळानं शेजारचा लिओ पेरणीयंत्र मागायला आला. डेमियननं खुर्चीतनं न उठता किल्ली कुठं टांगलीय ते सांगितलं आणि डिझेल घरनं आणायला सांगितलं. लिओ गावभर सांगत सुटला, वासिंगर पहिल्यासारखा राहिला नाही.